पहिलं भजं गिऱ्हाइकाला

देवगाव फाट्यावरचा भजीवाला प्रत्येक घाण्यातलं पहिलं भजं गिऱ्हाइकाला देतो आणि ते चावून होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे टक लावून बघतो. माझी कॉलेजची बस तिथे थांबते. खाताना असं कुणी बघितलेलं मला आवडत नाही. एकदा विचारलंच, "तुम्ही स्वतः का चाखत नाही?"

"दारू सोडायची गोळी चालू हाय, ताई. तवापासून मीठ कळतंय, तिखट कळतंय, मजाच येत न्हाई."

मी फार्मसी शिकते. दारूची आणि तेलकट खाण्याची मजा मेंदूत बरीचशी एकाच वाटेने येते आणि ती गोळी नेमकी तीच वाट अडवते, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. त्या वाटेवरचा माणूस बघितला नव्हता.

"मग गोळी बंद करणार?"

"बायको माघारी आलीय," कढईत झारा फिरवत तो म्हणाला. "मजेचं तेवढं तुमी सांगत जा."