पाच-साठ सर

कुणाच्याही घरी पहिला घास घेण्याआधी पाच-साठ सर शर्टाच्या खिशातून पेनासारखा दिसणारा थर्मामीटर काढत, तो स्वच्छ पुसत आणि वाढलेल्या पदार्थात खुपसत. एकदा आईनं त्यांना खंडेराव गेटजवळच्या आमच्या घरी श्रीखंड खायला बोलावलं. झाशीत मराठी घरं मोजकी, त्यातून सर मूळचे सांगलीकडचे, म्हणून आईनं चक्का स्वतः बांधला होता. सरांनी वाटीत थर्मामीटर घातला आणि म्हणाले, "सतरा अंश. वहिनी, माफ करा. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मी बसतो." ते खरोखरच अर्धा तास बसले आणि मग तीन वाट्या खाऊन उठले. रागावलेल्या आईला तिसऱ्या वाटीपर्यंत त्यांचं कौतुक वाटू लागलं होतं.

सर एका मोठ्या कारखान्याचं कॅन्टीन सांभाळून निवृत्त झाले होते. सिव्हिल लाइन्समध्ये राहत आणि हॉटेलांतल्या शिफ्ट सुपरवायझरना अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण देत. त्यांची परीक्षा पास झाल्याशिवाय सर्टिफिकेट मिळत नसे. पाच अंशांच्या वर आणि साठच्या खाली अन्न जास्त वेळ राहिलं की जंतूंची चंगळ होते, हे ते प्रत्येक तासाला सांगत, म्हणून सगळ्या झाशीत त्यांचं नाव पाच-साठ पडलं. "गरम ते गरम, गार ते गार. कोमट फक्त अंघोळीचं पाणी," असं ते आधी मराठीत म्हणत आणि मग बाकीच्यांसाठी हिंदीत. मीही एका हॉटेलात सुपरवायझर असल्यानं त्यांच्या वर्गात होते; मराठी कळणारी मी एकटीच. घरातल्या जुन्या मराठीत बाहेरची हिंदी मिसळून मी बोलायचे, ते ऐकून ते म्हणाले, "तुझी मराठीसुद्धा पाच-साठमध्येच आहे गं. ना धड गरम, ना गार."

पहिल्या परीक्षेत त्यांनी मला नापास केलं. मी साबण लावून, नखांपर्यंत घासून हात धुतले आणि सवयीनं ओढणीला पुसले. "धुतलेस कशाला मग?" एवढंच ते म्हणाले. मी आईची ओळख काढून पाहिली, श्रीखंडाची आठवण करून दिली, तरी पुढच्या महिन्यात परीक्षा पुन्हा द्यावीच लागली.

सर्टिफिकेट मिळालं त्याच उन्हाळ्यात आमच्या हॉटेलचे मालक भैयाजी यांच्या मुलीचा साखरपुडा हॉटेलातच होता. ग्वाल्हेरहून होणारे व्याही आले होते. वीज गेली की हॉलचा जनरेटर आपोआप सुरू व्हायचा, त्यामुळे पहाटेच वीज गेल्याचं कुणाला जाणवलंच नाही. मागच्या खोलीतला फ्रीज जनरेटरवर नव्हता. दुपारी बारा वाजता मी त्याचं दार उघडलं तर रसमलईची तीन पातेली घाम आल्यासारखी ओली झालेली. मोजलं तर चोवीस अंश भरलं.

भैयाजींना सांगितलं. ते म्हणाले, "बर्फ डाल दो बेटा. किसको पता चलेगा?"

"नहीं भैयाजी, ये नहीं जाएगी." माझा आवाज इतका बारीक झाला होता की मला तेच वाक्य दोनदा म्हणावं लागलं.

"तो कल से तुम भी मत आना." एवढं बोलून त्यांनीच सरांना फोन लावला. त्यांना वाटलं, सर वयस्कर आहेत, माझ्याच भाषेतले आहेत, मला समजावतील.

सर स्कूटरवरून आले. आल्या आल्या टोपी घातली, हात धुतले, पातेल्यांचं तापमान मोजलं. भैयाजी हात जोडून म्हणाले, "सर, समधी बैठे हैं. इज़्ज़त का सवाल है."

"इज़्ज़त शाम तक रहेगी भैयाजी. रात को दोनों खानदान अस्पताल में मिलेंगे." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "यात साबणाचं पाणी ओत. नुसतं फेकलंस तर कुणीतरी उचलून खाईल."

मी ओतलं. भैयाजींनी तोंड फिरवलं. पाऊण तासात मी रव्याचा शिरा केला. सरांना स्वयंपाकातलं ओ की ठो येत नव्हतं, पण शेजारी उभं राहून ते सूचना देत होते. शेवटी एकदाचे म्हणाले, "ब्याऐंशी. जाऊ दे बाहेर." वाफाळता शिरा बघून व्याह्यांनी दोनदा मागून घेतला. शिरा करणारी मराठी आहे हे कळल्यावर त्यांना वाटलं, साखरपुड्याला गरम शिरा वाढायची ही मराठी लोकांची खास पद्धत असावी.

नंतर मागच्या दारात चहा पिताना मी विचारलं, "सर, तुम्हाला भीती नाही वाटत?"

सरांनी कप खाली ठेवला. "कॅन्टीनमध्ये एकदा दह्याचा वास मला आला होता. मोठे साहेब म्हणाले, चालतंय. मी गप्प बसलो. एक फिटर आठ दिवस सलाईनवर होता. मी रोज भेटायला जायचो. तो म्हणायचा, साहेब, तुमची काय चूक? ते ऐकवायचं नाही मला."

दुसऱ्या दिवशी मी घाबरतच कामावर गेले. भैयाजींनी नेहमीसारखं काम सांगितलं. पुढच्या महिन्यात मात्र सरांच्या वर्गात शेवटच्या बाकावर तेच बसलेले. दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा पास झाले, तेव्हा ते सर्टिफिकेट त्यांनी काउंटरमागे गणपतीच्या वर टांगलं. सरांनी ते स्वतः उतरवून खाली लावलं.

पुढे सरांचे गुडघे गेले आणि मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. निरोप द्यायला मी स्टेशनवर गेले होते. गाडी हलायच्या आधी ते म्हणाले, "'नाही' म्हणायला तुला आता माझी गरज नाही. कुठं 'हो' म्हणालीस, तर तेवढं कळव."

तीन वर्षांनी माझं लग्न ठरलं तेव्हा मी फोन केला. त्यांच्या मुलीनं उचलला. "बाबांना आता माणसं ओळखू येत नाहीत. फोन कानाला लावते, बोल तू."

मी नाव सांगितलं, झाशी सांगितलं, लग्न ठरलंय म्हणून सांगितलं. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मी फोन ठेवणार इतक्यात, वर्गात विचारत अगदी तशा आवाजात, त्यांनी विचारलं,

"हो म्हणालीस ना?"