पानं मी उलटत होते

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि मी काही पोटात ठेवणारी बाई नाही – आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीपासून जिन्यातल्या चपलांपर्यंत कुणाला काही सुनावायचं असलं की मलाच पुढे करतात. मग हेच तेवढं सांगायचं कसं राहिलं? राहिलं नाही. ठेवलं.

तुम्हाला सांगते, कारण तुमच्यापैकी कुणीतरी मला कधीतरी फोन केलेला असणार. "ताई, मुलांना घरीच शिकवायचं म्हणतोय, तुमचा तो आराखडा पाठवाल का?" मी पाठवला असणार. अजून मागतात, अजून पाठवते. वर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं – झेपेल असं घरचं शिक्षण. 'झेपेल' हा शब्द माझा. लोकांना तोच आवडतो.

आधी त्या आराखड्याचंच सांगते. वेळ काढतेय का मी? काढतेय बहुतेक.

मानपाड्याच्या बाजूला पॅकिंगच्या एका कारखान्यात मी प्लॅनिंगला होते. कुठलं मशीन कधी लावायचं, कुठला माल आधी काढायचा, खराब निघाला तर कुठे अडवायचा – हे माझं काम, आणि मी ते चांगलं करत होते. रेवा दुसरीत होती आणि रोज सकाळी शाळेच्या बसपाशी रडत होती. बाई सांगायच्या, लक्ष नसतं हिचं, फळ्यावरचं उतरवून घेत नाही. आणि घरी हीच मुलगी आज ऐकलेलं स्तोत्र उद्या धडाधड म्हणून दाखवत होती. मग दोष कुणाचा? शाळेचा – मी ठरवून टाकलं. नोकरी सोडली. रेवाला काढलं आणि तिचा धाकटा भाऊ अथर्व, त्याला तर शाळेत घातलंच नाही.

पद्धत मी जुनी घेतली. आधी पाठांतर – पाढे, सुभाषितं, गोष्टी. मग व्याकरण आणि तर्क. मग स्वतःचं बोलणं आणि लिहिणं. पोळ्या लाटेपर्यंत पाठांतर, कारण त्याला माझे हात लागत नाहीत. कुकर उतरला की वाचन. जेवणं झाली की गणित. दुपारी चित्र नाहीतर गाणं. एका बाईने, कामं सांभाळून, आरडाओरडा न करता करायचं असेल तर याहून जास्त आखूच नये, असं माझं म्हणणं होतं. ते अजूनही मला बरोबर वाटतं. आराखड्यात काही वाईट नव्हतं.

माझी नणंद शुभदा कल्याणला शाळेत शिकवते. ती तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, आमटी आणि शाळा एकाच गॅसवर शिजत नाही हं." सगळे हसले, मीही हसले. आणि मनात म्हटलं, हिला दाखवूनच देते.

दाखवलंही. वर्षाच्या आत रेवाचं नाव झालं. पाहुणे आले की ती सुभाषितं म्हणायची, मग पुस्तक उघडून गोष्ट वाचायची. कोल्ह्याचा आवाज वेगळा, सिंहाचा वेगळा. लोक म्हणायचे, आठ वर्षांची मुलगी इतकं सुरेख वाचते? मी म्हणायची, रोजची सवय, बाकी काही नाही.

एका दुपारी ती ओट्यापाशी पाटावर बसून मला तीच कोल्ह्याची गोष्ट वाचून दाखवत होती. मी मटार सोलत होते. सहज खाली पाहिलं. दोन पानं एकमेकांना चिकटून एकदम उलटली गेली होती. समोर कासवाचं चित्र होतं. तिचं बोट कासवाच्या ओळींवरून फिरत होतं आणि तोंडातून कोल्हा चालला होता – एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मी मटार सोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी तपासलं. तपासल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांवर मी नावं चिकटवली होती, मुलांना येता-जाता वाचन व्हावं म्हणून. बेसन आणि मैदा यांच्या जागा मी बदलून ठेवल्या. "रेवा, बेसन दे गं." ती नेहमीच्या जागेवरचा डबा घेऊन आली. त्यावर बोटभर अक्षरात 'मैदा' लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "अगं, हा नाही, शेजारचा." एवढंच.

कारखान्यात असं सापडलं असतं तर मी लाइन थांबवली असती. भांडून थांबवली असती. इथे काय केलं? आराखडा बदलला. वाचनाचा तास पाठांतरात मिळवून टाकला आणि त्याला नाव दिलं – श्रवणावर भर. लोकांना ते फार पटलं. जे झेपत नव्हतं ते मी काढून टाकलं, म्हणून तो आराखडा इतका झेपणारा झाला. तुम्हाला पाठवला तो हाच.

का केलं? नोकरी सोडून वर्ष होत होतं. नवरा निमूटपणे एका पगारात घर ओढत होता. शुभदा काय म्हणेल हे मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. पण ही कारणं झाली, आणि कारणं सांगायला मी बसलेली नाही. आठ वर्षांच्या मुलीला वाचता येत नव्हतं आणि ते घरात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस मी होते.

पुढचं सांगायला जास्त जड जातंय. माजिवड्याला एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये घरी शिकवणाऱ्या पालकांनी एक सकाळ ठेवली होती. मी बोलायचं आणि रेवाने वाचून दाखवायचं, असं ठरलं. मी नाही म्हणू शकत होते. आयत्या वेळी ताप आला म्हणून सांगायला काय लागतं? मी तिच्या शेजारी खुर्ची घेतली. पुस्तक अर्धं तिच्या मांडीवर, अर्धं माझ्या. पानं चिकटली, दोन उलटली गेली, भलतंच चित्र समोर आलं आणि पहिल्या रांगेतल्या कुणाला दिसलं तर – म्हणून पानं मी उलटत होते. गोष्ट ऐकून ऐकून मलाही पाठ होती. तिचं वाक्य संपलं की मी पान उलटायची. एकदाही चुकले नाही.

टाळ्या पडल्या. मागे एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "बघ, आपलीच्याच वयाची ना? आपली अजून जोडाक्षराला अडते." त्यांची मुलगी तिथेच उभी होती, हातात सामोसा घेऊन. तिने चावणं थांबवलं. ते मी पाहिलं आणि पुढच्या माणसाशी बोलायला वळले.

शुभदाच्या लक्षात आलं. येणारच, तिचं कामच ते. भाऊबीजेला ती स्वयंपाकघरात आली, दार लोटून घेतलं. "वहिनी, रागावू नकोस. रेवाला एकदा दाखवून घेऊ या का? माझ्या वर्गात अशी एक होती. हुशार असतात गं, फक्त अक्षरं धरता येत नाहीत. ठाण्यात तपासणारे आहेत. मी येते बरोबर."

एकदाही म्हणाली नाही – बघ, मी सांगत होते. तसं म्हणाली असती तर भांडण तरी झालं असतं. मी पुऱ्या तळत होते. म्हटलं, "तुझ्या शाळेतल्या मुलांवरून माझी मुलगी मोजू नकोस."

तिने माझ्या हातातला झारा घेतला आणि उरलेल्या पुऱ्या तळल्या. तो विषय तिने पुन्हा काढला नाही.

अथर्व आपोआप वाचायला लागला. दुकानाच्या पाट्या, औषधाची खोकी, रिक्षाच्या मागे लिहिलेलं, काहीही. रेवा तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. मी कपडे वाळत घालत होते आणि ती मागे येऊन उभी राहिली. "आई, अथर्वला येतं, मग मला का येत नाही?"

बघा, तिने स्वतः विचारलं होतं. सरळ, माझ्या तोंडावर. यापेक्षा सोपी संधी कुणाला मिळते?

मी म्हटलं, "कंटाळा करतेस म्हणून. आळस, दुसरं काय."

आळस नव्हता हे मला माहीत होतं. माहीत असून म्हटलं. आणि तिने ते मान्य केलं – आईने सांगितलं म्हणजे तसंच असणार. त्यानंतर ती गॅलरीत पुस्तक घेऊन बसायची, ओळीवर बोट ठेवून, आपण आळशी नाही हे सिद्ध करायला. मी आतून बघायची. एखादं मूल तासभर एकाच पानावर बसलेलं तुम्ही पाहिलंय? मी ते बरीच वर्षं पाहिलं.

दहावीचं वय आलं तेव्हा मी लोकांना सांगितलं, आम्ही परीक्षांच्या मागे लागत नाही. याचंही कौतुक झालं.

शेवटी रेवानेच शोधलं. अठरा वर्षांची असताना फोनवर अक्षरं न धरता येणाऱ्या कुणाचंतरी बोलणं ऐकून ती म्हणाली, "आई, माझं हे असंच आहे गं." वेळ तिने घेतली, ठाण्याला मला ती घेऊन गेली. तपासणाऱ्या बाईंनी बरंच काही करून घेतलं आणि मग मला विचारलं, लहानपणी घरात कुणाच्या लक्षात आलं होतं का? कुणी सुचवलं होतं?

"नाही," मी म्हटलं. "पाठांतर इतकं चांगलं होतं, कळलंच नाही."

रेवा शेजारी बसली होती. परत येताना आम्ही रिक्षात बसलो. आणि ती म्हणाली, "आई, सॉरी. मी तुला फसवायचे. पाठ करून वाचल्यासारखं करायचे. तुला तिथे किती वाईट वाटलं असेल."

आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "असू दे. लहान होतीस."

मी तिला माफ केलं.

हीच ती गोष्ट. बाकीचं सगळं मी कदाचित कुणाजवळ तरी बोलले असते – आळस म्हटलं ते, शुभदाला तोडलं ते. आईबाप चुकतात, लोक समजून घेतात. पण माझा अपराध ती स्वतःच्या डोक्यावर घेऊन माझ्यापुढे उभी राहिली, आणि मी तो तिच्याच डोक्यावर राहू दिला, वर मोठेपणाने क्षमाही केली. याला काय म्हणायचं? मला शब्द माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे.

दहावी ती विसाव्या वर्षी झाली, वाचून दाखवणारा मदतनीस घेऊन. आता बारावीला बसतेय, तिच्याहून कितीतरी लहान मुलांबरोबर. हॉटेलात गेलो की मेनूकार्ड उघडते, जरा वेळ बघते आणि म्हणते, आई घेईल तेच मला. तिची मैत्रीण बरोबर असली तर – ही घेईल तेच मला. तिला स्वतःला काय आवडतं हे मला अजून नीट माहीत नाही.

आणि हे मी लिहून सांगतेय, हेही लक्षात घ्या. समोर बसवून सांगता आलं असतं, ती शेजारच्या खोलीतच असते. एवढा मजकूर वाचायला तिची अख्खी संध्याकाळ जाईल, आणि कदाचित ती मध्येच सोडून देईल. सगळ्या जागांमधून मी तिला पोचायला सगळ्यात अवघड अशी जागा निवडली. हे लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं. लक्षात येऊनही लिहितेच आहे.

मागच्या रविवारी शुभदा जेवायला होती, रेवाची एक मैत्रीणही होती. रेवाने ती क्लबहाउसची गोष्ट काढली. आता ती हसत सांगते ती गोष्ट, आमच्या घरातली नेहमीची झाली आहे. पाठ ताठ करून, माझ्यासारखा चेहरा करून तिने दाखवलं. "ही अशी शेजारी बसलेली. आणि मी सगळं पाठ म्हणतेय, तर ही आपली पानं उलटतेय. बिचारीला पत्ताच नाही."

अथर्वला हसून ठसका लागला. नवरा म्हणाला, "तुझ्या आईला फसवणारी तू एकटीच हं." मैत्रीण म्हणाली, "काकू, खरंच कळलं नाही?"

शुभदा हसली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही तिने. आमटीचं पातेलं पुढे ओढलं आणि न विचारता रेवाला वाढली.

"आठवतं ना गं आई?" रेवाने विचारलं.

"छे," मी म्हटलं, "मला कुठलं आठवायला."

मला आठवतं. कोल्हा पळत सुटला की पहिलं पान संपायचं, आणि ती तिथवर पोचायच्या आधीच माझं बोट पानाच्या कोपऱ्याखाली गेलेलं असायचं.