कुलपाचं चित्र

मी पोलिसांसाठी काम केलंय, हे माझ्या ओळखीतल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. तेही पॅलेस्टाइनच्या पोलिसांसाठी, आणि तेही अमेरिकेतल्या श्रूजबरीत बसून. कुणी विचारलं तर मी म्हणतो, "होता एक सरकारी प्रोजेक्ट." तेवढ्यावर लोकांचं समाधान होतं.

२००५ साली तिकडे साधं नागरी पोलीस दल उभं करण्याची खटपट चालू होती. चोरी, मारामारी, शेजाऱ्याने बांधलेली भिंत, असल्या तक्रारी घेणारे पोलीस. ते काम एका मोठ्या अमेरिकन कंत्राटदाराकडे होतं, आणि त्यातला ठाण्याच्या नोंदवहीचा तुकडा आमच्या बारा माणसांच्या कंपनीकडे आला. वही जाऊन तिथे कॉम्प्युटर येणार होता. आमचा मॅनेजर नागपूरचा. त्याने मला केबिनमध्ये बोलावलं.

"काय बे, पोलिसाचा पोरगा ना तू? मग हे तुझंच."

वडील जिल्ह्याच्या गावी हवालदार होते. ठाण्यातली स्टेशन डायरी लिहायचे. तिच्या प्रत्येक पानावर छापील नंबर असायचा. लिहिताना चूक झाली तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. "पान फाडलं की नंबर बोंबलतो," असं ते म्हणायचे. म्हणजे मला काय बनवायला सांगितलंय हे कळत नव्हतं, असं म्हणायची सोय माझ्यापाशी नाही.

नोव्हेंबरात तिकडून एक मेजर दोन आठवड्यांसाठी आले. त्यांच्याकडे पोलिसांचे हुद्दे लष्करासारखे असतात. पन्नाशीचे, सडपातळ, अंगावर कुणाचा तरी मागून आणल्यासारखा ओव्हरकोट. आमचं काम तपासून सही करायची, एवढ्यासाठी आले होते. मोटेलवरून त्यांना आणायचं-सोडायचं काम माझ्याकडे होतं. मला ते 'मुहंदिस' म्हणायचे, म्हणजे इंजिनियर. इंग्रजी त्यांचं माझ्याहून सावकाश आणि माझ्याहून नेमकं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी बॅगेतून हिरव्या कापडी पुठ्ठ्याची कोरी वही काढली. त्यांच्या ठाण्यात वापरतात तसली.

"ह्यात काय वाईट आहे सांगू?" ते म्हणाले. "सकाळी एक माणूस तक्रार लिहून जातो. संध्याकाळी दुसरा माणूस येतो, कॉफी पितो, माझ्या काकांची तब्येत विचारतो, आणि म्हणतो, ते पान काढून टाक. तो कुणाचा तरी चुलतभाऊ असतो. बहुतेक माझाच."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"मला असं यंत्र दे, की मी त्याला म्हणू शकेन, भाऊ, माझ्या हातात नाही. एकदा लिहिलं की मलाही पुसता येऊ नये. बाकीचं सगळं चुकलं तरी चालेल."

एवढी एकच मागणी होती त्यांची. माझ्या वहीत मी ती लिहून घेतली, खाली दोन रेघा मारल्या.

शनिवारी त्यांना जेवायला घरी आणलं. मांसाचं काय चालतं काय नाही ह्या घोळात बायकोने सरळ वरण-भात, पोळ्या आणि भेंडीची भाजी केली. भेंडी बघून मेजर एकदम खुलले. "बामिया! पण तुम्ही हिला कोरडी का ठेवली?"

"मेजरभाऊ, चिकट झाली तर आमच्याकडे नावं ठेवतात," बायको म्हणाली. मी त्याचं इंग्रजी केलं.

"आमच्याकडे चिकट नसली तर ठेवतात."

मुलगी तेव्हा सहा वर्षांची. ती टेबलाखालून बाहेर येत म्हणाली, "आर यू अ रिअल कॉप?"

मेजरांनी जरा विचार केला. "होतोय," ते म्हणाले. "अजून पूर्ण झालो नाही."

दुसऱ्या दिवशी रविवारचा वडिलांचा फोन. निवृत्त झाल्यापासून त्यांना ह्या कामात माझ्याहून जास्त रस होता.

"पानांना नंबर घातलेस ना रे?"

"घातले बाबा."

घातले नव्हते. नोंदीला कुलूप लावणं, म्हणजे ती कुणालाच पुसता येऊ नये अशी सोय करणं, हे चार दिवसांचं काम होतं. पण आधीच्या तीन आठवड्यांत मी पडद्यावरची अरबी अक्षरं उजवीकडून डावीकडे नीट दिसावीत ह्यात अडकलो होतो, आणि शुक्रवारी मेजर परत जाणार होते. पडदे मात्र मी पुढच्या टप्प्याचेही रंगवून ठेवले होते. त्यात जतन केलेल्या प्रत्येक नोंदीशेजारी कुलपाचं छोटं पिवळं चित्र होतं. त्याच्यामागे काही नव्हतं.

मॅनेजरला विचारलं. "लॉकचं काय करायचं?"

"फेज टूमध्ये टाक ना यार. आत्ता सही घे. होऊन जाईल." मग हसून, "तुझी ग्रीन कार्डची फाइलही मलाच पुढे ढकलायची आहे, लक्षात आहे ना?"

त्याने धमकी दिली असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. दिली नव्हती. गंमत केली होती. चार दिवस मागितले असते तर कुरकुरत दिले असते. पण आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सवयच नव्हती. जे पुढच्या महिन्यात होणार, ते झालंय म्हणायचं आणि मग रात्रंदिवस बसून ते खरं करायचं. बहुतेक वेळा ते खरं व्हायचंही.

गुरुवारी दुपारी मेजर माझ्या खुर्चीत बसले. मी एक नोंद भरून दाखवली. कुलूप उमटलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, काचेवर ठसा राहिला.

"हे लागलंय?"

"इट विल बी देअर, सर."

"विल बी नको. आज लागलंय?"

"ऑलमोस्ट डन."

"मुहंदिस, मी उद्या हे पुसायला गेलो तर?"

"नाही पुसलं जाणार," मी म्हणालो.

पुसायचं बटण त्याच पडद्यावर होतं, चार बोटांवर. ते दाबून बघावं असं त्यांच्या मनात आलं नाही. माझ्या घरी जेवले होते ते.

त्यांनी सही केली, इंग्रजीत आणि खाली अरबीत. मग ती हिरवी वही माझ्या हातात दिली. "ही ठेव आठवण म्हणून. आता मी वही बंद करणार."

त्यानंतर तिकडे निवडणूक झाली, निकाल इकडच्या लोकांना रुचला नाही आणि प्रोजेक्ट थांबला. फेज टू झालाच नाही. पहिला टप्पा मात्र तोवर दोन ठाण्यांत बसवून झाला होता, त्यातलं एक मेजरांचं. आम्ही दवाखान्याच्या अपॉइंटमेंट्सचं काम घेतलं. २००७ मध्ये माझं ग्रीन कार्ड आलं; मॅनेजर पेढे घेऊन घरी आला होता.

२००८च्या मार्चमध्ये मेजरांची ईमेल आली. मला ती पाठ आहे. एका माणसाने तक्रार दिली होती, त्याच्या भावाला ह्याच ठाण्यातल्या शिपायांनी मारलं म्हणून. मेजरांनी ती स्वतः टाइप केली होती. आता ती कॉम्प्युटरमध्ये नव्हती. चौकशी अधिकारी म्हणत होते, मेजरांनी ती घेतलीच नाही, किंवा घेऊन स्वतः काढली. वही तर त्यांनी बंद केलेली. कुलूप आहे असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं आणि कागदावर सहीही त्यांचीच होती. शेवटी लिहिलं होतं: 'मी सही केली त्या दिवशी कुलूप होतं का? फक्त एक ओळ लिहून पाठव. ती मी त्यांना दाखवीन.'

नऊ दिवस मी उत्तर दिलं नाही. मग लिहिलं, की त्या प्रोजेक्टची कागदपत्रं आता माझ्याकडे नाहीत, कृपया कंपनीशी संपर्क साधावा. ह्यातलं प्रत्येक अक्षर खरं होतं. त्यांची परत मेल आली नाही. त्यांचं पुढे काय झालं, नोकरी राहिली की गेली, मला माहीत नाही. शोधलं असतं तर कळलं असतं.

"मेजरभाऊंची काही खबर?" बायकोने त्या वर्षी एकदा भेंडी चिरताना विचारलं होतं.

"काही नाही," मी म्हणालो.

वडील गेले तोवर त्यांचा समज होता की पानांना नंबर आहेत.

बायकोला मी हे ह्या वर्षी सांगितलं. कपाट आवरताना हिरवी वही तिच्या हाती लागली, आणि ती काय आहे हे सांगता सांगता सगळंच सांगून झालं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती वहीची कोरी पानं उलटत राहिली.

"म्हणजे ती ओळ अजून तुझ्याकडेच आहे," ती म्हणाली.

मी त्याच जुन्या मेलला उत्तर लिहिलं. माझं तेव्हाचं उत्तर खाली तसंच राहू दिलं, वाचता येईल असं. वर लिहिलं: 'त्या दिवशी कुलूप नव्हतं. फक्त चित्र होतं. मला माहीत होतं.' खाली पूर्ण नाव आणि तारीख.

पत्ता बंद आहे म्हणून मेल परत आलेली नाही. उत्तरही आलेलं नाही.