लसीचा वार

नव्वदच्या दशकात मी नाशिकला एका सरकारी कार्यालयात संशोधन सहायक होते. हरसूलकडच्या आया मुलांना लस टोचायला का आणत नाहीत, हे शोधायचं काम माझ्याकडे आलं. पाड्यापाड्यांवर हिंडले. बहुतेकींचं म्हणणं एकच होतं, आठवडे बाजाराला आम्ही येतोच, तेव्हाच लस ठेवा. तसा अहवाल दिला. बैठकीत साहेब म्हणाले, "काम चांगलं केलंत, बाई. पण त्यासाठी आरोग्य केंद्राची नवी इमारत बांधायचं वरून ठरलंय." इमारत झाली. लसीचा वार मात्र बदलला नाही.

काही वर्षांनी नव्या साहेबांनी तीच पाहणी पुन्हा करायला लावली. एका पाड्यावरची बाई माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "हे तर तुम्ही मागं बी इचारलं होतं." तिचं उत्तर पुन्हा लिहून घेतलं. तो अहवालही कपाटात गेला.

पुढे तिसऱ्या साहेबांची जीप हरसूलच्या बाजारात अडकली. कडेवर पोरं घेतलेल्या बायका पाहून ते मला म्हणाले, "लसीकरण बाजाराच्या दिवशीच का ठेवत नाही आपण?"

"ठेवू या, सर," मी म्हटलं. आधीचं सगळं सांगायचं त्राण उरलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात वार बदलला, आणि आया येऊ लागल्या.