पाळीच्या बाहेरचं घर

"भिंत पाडू देत नाही म्हणजे? येत्या पावसात राहणार हायस काय या घरात?"

"राहीन नाही तर मरीन. भिंत माही हाय, भाऊजी."

"माती हाय, वयनी. मातीले कोणाचं नाव नसते."

चंद्रभान वहिनीच्याच ओट्यावर, वहिनीनंच दिलेला चहा पीत बसला होता. कौशल्या उंबरठा अडवून बसली होती.

आसगावकडची ही टेकडी. धरणाचं पाणी चढलं, धानाच्या बांध्या, म्हणजे भातशेतं, बुडाली, गाव पुनर्वसनात गेलं. टेकडी मात्र सर्वेत पाण्याच्या वर निघाली, म्हणून तिच्यावरची दोन भावांची दोन घरं तिथंच राहिली. चारी अंगांनी पाणी, बाहेर जायचं तर डोंगा. लाटा दरसाल काठ कुरतडत. मग उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या बांध्यांतली माती खणायची, बांबूच्या तट्ट्यांमागं दाबायची आणि काठानं मातीचा बांध, म्हणजे पाळ, घालायची. कौशल्या नवऱ्याच्या, सुखरामच्या, बरोबरीनं टोपल्या वाहायची. तो तापानं गेला, तरी तिची टोपली थांबली नाही. चंद्रभानच्या बायकोची कंबर दुखायची. कौशल्याची दुखते का, ते कोणी विचारलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात पाळ तिच्या घरापर्यंत आली आणि तिचं घर बाहेर ठेवून अलीकडूनच वळली. "आतून नेली का लवकर जुळते," चंद्रभान म्हणाला होता. त्या वळणावरही माती तिनंच ओतली. यंदा धरणातलं पाणी उतरलंच नाही. खणायला माती उरली नाही आणि चंद्रभानच्या घराजवळचा पाळीचा कोपरा खचत होता.

"तुयं घर तर जाणारच हाय," चंद्रभान समजुतीनं बोलला. "त्या भिंतीच्या मातीनं माहा कोपरा वाचते."

"अन् मी?"

"तू काय परकी हायस? गोठ्यात जागा हाय. बैल इकलाच."

"बैलाले तरी तुमी दोन टाइम इचारत होते."

"पोरं माह्या घरात हायत, वयनी. तुयामागं कोण हाय? कोणासाठी वाचवून राहिली हे घर?"

कौशल्या हळूच बोलली, "एकच सांगा, भाऊजी. तुमचे भाऊ असते, तर पाळ वळवली असती काय?"

चंद्रभाननं उरलेला चहा पिऊन टाकला. कप ओट्यावर ठेवला, फावडं खांद्यावर घेतलं आणि तिच्याकडं न पाहता घराच्या मागच्या भिंतीकडं निघून गेला.