ठिणगीचे उंच स्टँड

आमच्या गल्लीतल्या वेल्डरला सगळे ठिणगी म्हणतात. काम तसलं आणि डोकंही तसलंच. गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं की पॅनल कुठलेही असोत, स्टँड ठिणगीचाच. कारण त्याची एक पद्धत होती. टेप काढायच्या आधी तो घरातल्या बाईला गच्चीवर बोलवायचा आणि म्हणायचा, "वहिनी, हात वर करा." तिच्या बोटांच्या वर वीतभर जागा सोडून लोखंडी पाय कापायचा. मग खाली दोऱ्या बांधा, कपडे वाळवा, खाट टाकून लोळा. वर वीज, खाली सावली. गल्ली खूश.

नियम मी सांगून सांगून थकले. पॅनल छताला लागून असतील तर परवानगी लागत नाही. पण खाली माणूस उभा राहील इतके उंच केले की ते बांधकाम झालं. मग नकाशा हवा, इंजिनियरची सही हवी, नगरपालिकेची परवानगी हवी, कारण वाऱ्याचा भरवसा नाही. मी नियमांपुढे मान तुकवणारी बाई नाही, निम्मं आयुष्य त्यांच्याशी भांडण्यात गेलंय. पण हा नियम शहाण्या माणसाने केलेला होता. ठिणगी म्हणायचा, "मावशी, उन्हाला कुणाची परवानगी लागते?" लोक हसायचे. हसणाऱ्याच्या कानात काही शिरत नाही.

स्वतःच्या गच्चीवर स्टँड बसवून घेताना त्याच्या ताईनेही विचारलं होतं. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. ती घरी शिवणकाम करते, विजेवरच्या मशीनवर. "अरे, परवानगी काढायची का आधी?" "मी आहे ना, ताई." तिला तेवढं पुरलं.

मग एका दुपारी जोराचं वारं सुटलं. ताईच्या उंच स्टँडखाली शिरलं आणि एक पॅनल उपटून शेजारच्या अंगणात फेकलं. शेजाऱ्यांची आजी रोज जिथे बसते, नेमकं त्या खुर्चीवर. खुर्चीचा चुराडा झाला. आजी पाणी प्यायला आत गेली होती म्हणून वाचली.

शेजाऱ्याने नगरपालिकेत तक्रार केली. मीही केली असती. घर ताईचं, म्हणून नोटीस ताईच्या नावाने आली.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी ठिणगी माझ्या दारात येऊन बसला.

"मावशी, मी तोंड उघडलं तर माझे सगळे स्टँड उघडे पडतील. निम्मी गल्ली अडकेल. लोक मला फाडून खातील."

"आणि नाही उघडलंस तर?"

"तर ताईवर जाईल." मग म्हणाला, "डोळे मिटले की ती खुर्ची दिसते. आणि आजी तिच्यात बसलेली असते."

समजूत घालणं मला जमत नाही. "मग बघत बस तिच्याकडे," म्हटलं आणि आत गेले.

सुनावणीत साहेबांनी एकच विचारलं, "इतकं उंच कुणी करायला सांगितलं?"

"मी," ताई म्हणाली. "भाऊ नको नकोच म्हणत होता. मीच हट्ट धरला, कपडे वाळवायला जागा हवी म्हणून."

ही बाई ब्लाऊजची तारीख एक दिवस चुकली तरी गिऱ्हाइकाची माफी मागते. डोळ्याची पापणी न हलवता खोटं बोलली. ठिणगी जमिनीकडे बघत होता. साहेब लिहायला लागले. तेव्हा तो उठला.

"साहेब, ती खोटं बोलतेय."

"खाली बस," ताई हळूच म्हणाली, शाळेतल्या पोराला म्हणावं तसं.

"तिने परवानगीचं विचारलं होतं. मीच टाळलं. उंच मीच करतो, सगळीकडे."

साहेबांचं पेन थांबलं. "सगळीकडे म्हणजे कुठे?"

"चला, दाखवतो."

आणि दाखवलं. गच्ची गच्ची फिरवून. लोकांनी त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली. प्रत्येकाला मुदत मिळाली: पाय कापा, नाहीतर रीतसर परवानगी आणा. ताईचं नाव मात्र नोटिशीवरून हललं नाही. घर ज्याचं, जबाबदारी त्याची.

आता तो कटर घेऊन दारोदार फिरतो. मजुरी घेत नाही आणि त्याला कुणी चहाही विचारत नाही. "आला घरचा भेदी," म्हणतात, ऐकू जाईल अशा बेताने.

ताईच्या गच्चीवर गेला तेव्हा मी होते. तिने वाळलेले कपडे काढून काखेत धरले होते. दोन पाय कापून झाल्यावर त्याने कटर खाली ठेवला.

"ताई, शिव्या तरी दे."

"कशाला? जन्मात एकदा तुझ्यासाठी खोटं बोलले, तेही तू वाया घालवलंस."

"मग काय, तुझ्यावर ढकलू?"

"मी विचारलं तेव्हाच खरं सांगितलं असतंस, तर ढकलायला काही उरलंच नसतं."

ताईने कपडे कठड्यावर ठेवले आणि दोऱ्यांच्या गाठी सोडवायला घेतल्या. गाठी त्यानेच मारलेल्या होत्या, घट्ट. तो मदतीला पुढे झाला, तशी ती म्हणाली, "तू तुझं काप."

त्याने कटर उचलला.