मालूमावशीचा अंगठा

आमच्या हॉस्पिटलातल्या मालूमावशीला माणसं दाबून बघायची खोड होती. वाईट अर्थ काढू नका. झाईच्या किनाऱ्यावर आणि डहाणूच्या बाजारात तिनं पंचवीस वर्षं मासळी विकली होती. पापलेट ताजं की बर्फातलं हे ज्या अंगठ्यानं ठरवायची, तोच अंगठा घेऊन ती २०१४ साली आमच्याकडे आया म्हणून लागली. गुडघे गेले म्हणून टोपली सुटली, अंगठा मात्र शाबूत होता. पेशंटचं अंग पुसता पुसता ती पायाची सूज दाबायची, पोट दाबायची, मासळीचा कल्ला उघडून बघावा तशी पापणी खाली ओढायची आणि निकाल देऊन टाकायची. "हिच्यात रगत नाय." "ह्यो उद्या घरी जाईल." एकदा मालकांच्या सासूबाई बीपी तपासायला आल्या. मावशीनं त्यांचाही दंड दाबला आणि म्हणाली, "बाय वरून टवटवीत हाय, पण आतून मऊ पडलीय." त्या दिवसापासून तिला सक्त ताकीद मिळाली होती: चादरी बदला, भांडी धुवा, पेशंटबद्दल पुन्हा तोंड उघडलंत तर झाईची बस पकडा.

तोंड बंद ठेवणं तिच्या रक्तातच नव्हतं. फक्त आवाज थोडा खाली आला.

मी रूपेश, तिथला एक्स-रेवाला. दारावर 'टेक्निशियन' अशी पाटी होती, पण मावशी मला 'फोटोवाला' म्हणायची आणि माझ्या फोटोत कुणीच हसत नाही म्हणून चारचौघांत टर उडवायची.

२०१६च्या भातकापणीत तलासरीकडच्या एका पाड्यावरून गंगीला आणलं. तिशीची बाई. पायाला विळा लागला होता, जखम चिघळली होती आणि जंतू रक्तात पसरले होते. बीपी इतकं उतरलं होतं की हाताची शीर सापडेना. वापीहून येणारे आमचे मोठे डॉक्टर जिग्नेश यांनी सेंट्रल लाइन टाकायची ठरवलं. म्हणजे गळ्याच्या उजव्या हाडाखालून मोठ्या शिरेत नळी घालायची, ती पार हृदयाच्या तोंडापर्यंत. औषध तिथून गेलं तरच बाई वाचणार होती. पण त्या शिरेच्या शेजारीच फुफ्फुसाचा शेंडा असतो. सुई जराशी चुकली की त्याला भोक पडतं आणि छातीत हवा साठत जाते. म्हणून नळी टाकल्यावर एक्स-रे काढायचा आणि नळी जागेवर आहे ना, हवा साठली नाही ना, हे दोन्ही बघायचं. मला पगार मिळायचा तो याचसाठी.

मी मशीन ढकलत गेलो. गंगीला अर्धवट बसवलं. तिच्या गळ्यात मण्यांच्या सात-आठ सरी होत्या. त्या सोडायला गेलो तर तिचा नवरा हाल्या यानं माझा हात धरला. "नको सोडू, दादा. लग्नातली हाय. बाई जिती असताना सोडत नाय."

मला जेवायचं होतं आणि वाद घालायचा नव्हता. मी शहाणपणा केला. सगळी माळ गोळा करून उजव्या खांद्यावर सारली, म्हणजे नळीच्या टोकावर मणी यायला नकोत. फोटो झकास आला. टोक जिथं हवं तिथं होतं. फुफ्फुसाच्या उजव्या शेंड्यावर मात्र मण्यांचा ढिगारा होता, आणि साठलेल्या हवेची पहिली रेघ नेमकी तिथंच दिसते. हे मला शिकवलेलं होतं. त्या परीक्षेत मी पासही झालो होतो.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि त्या ढिगाऱ्यावर बोट ठेवलं. "आ शुं छे?"

"मणी आहेत, सर."

"बराबर. लाइन जागेवर आहे. चालू करा," म्हणत ते खाली ओपीडीत गेले. मी डबा खाल्ला.

दोन तासांनी गंगी तळमळायला लागली. निलम सिस्टरनं ऑक्सिजन वाढवला, तरी दम लागतच होता आणि बीपी पुन्हा घसरत होतं. खाली फोन गेला. इन्फेक्शन जोरात आहे, औषध वाढवा, असं उत्तर आलं. वाढवलं. प्रत्येकाकडे एकेक कारण तयार होतं. निलम म्हणाली, ताप आहे. मी म्हणालो, घाबरलीय. हाल्या बायकोच्या छातीकडे बघत उभा होता.

मावशी गंगीच्या गळ्याचा घाम पुसत होती. पुसता पुसता तिचा अंगठा उजव्या खांद्यावर थांबला. तिनं दाबलं. पुन्हा दाबलं. डावा खांदा दाबून पाहिला आणि परत उजवीकडे आली.

"फोटोवाल्या, हिकडं ये. हात लाव. कातडीखाली सुका जवळा वाजतोय."

सुक्या जवळ्याची पिशवी दाबली की बोटांखाली बारीक कुरकुर होते, ती कुरकुर. मी हात लावला नाही.

"मावशी, तुमची बस कितीची आहे?" निलमनं विचारलं.

"फोटो क्लिअर आहे, मावशी," मी म्हणालो. या वाक्याची मला आजही लाज वाटते.

मावशीनं फडका बादलीत टाकला आणि गुडघ्यांना शिव्या घालत जिना उतरली. डॉक्टर कुणाच्या तरी कानात बघत होते. तिनं त्यांचं मनगट धरलं. "अरे मावशी, छोडो ने!" पण सोडेल ती मावशी कसली! वीस वर्षं शिकलेला माणूस तिनं अख्ख्या ओपीडीदेखत जाळं ओढावं तसा जिन्यावरून वर ओढत आणला, त्याचा अंगठा गंगीच्या खांद्यावर ठेवला आणि स्वतःच्या हातानं दाबला.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? बघा आता."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ती कुरकुर फुफ्फुसातून सुटून कातडीखाली शिरलेल्या हवेची होती. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला. उजवी बाजू गप्प होती. श्वास घेताना छातीची डावी बाजू वर येत होती, उजवी जागची हलत नव्हती. श्वासनळी डावीकडे सरकली होती.

"सर, फोटो काढू?"

"तोपर्यंत ही जाईल," ते म्हणाले, आणि जाड सुई तिच्या छातीत वरच्या बाजूला घातली. फुस्स करून हवा सुटली. दाराशी उभ्या हाल्यालाही तो आवाज ऐकू आला. काही मिनिटांतच गंगीचे भिरभिरणारे डोळे स्थिर झाले. मग बरगड्यांमधून नळी घातली, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं, आणि बाटलीत बुडबुडे यायला लागले. मग पुन्हा एक्स-रे. या वेळी निलमनं माळ न सोडता हनुवटीच्या वर उचलून धरली. एवढंच तर करायचं होतं.

मावशीला मेमो मिळाला, डॉक्टरांना ओपीडीतून ओढून नेल्याबद्दल. डॉक्टर जिग्नेशनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि मालकांच्या केबिनमध्ये जाऊन फाडला. माणूस तसा चांगला होता. माझं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही. कानांवर हात ठेवायची पूर्ण सोय होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी चादरी मोजत होती, तेव्हा मी तिला गाठलं आणि मणी, खांदा, शेंडा सगळं एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं, ती पाठीवर हात ठेवील.

"मला काय सांगतोस? मी मरत होती काय?" तिनं चादर झटकली. "जिला सांगायचं तिला सांग."

मी गेलो. गंगी पेज पीत होती. हाल्या वाटी धरून बसला होता. मी सांगितलं. हाल्यानं वाटी खाली ठेवली.

"म्हंजे मी माळ सोडू दिली असती तर..." त्यानं गंगीच्या गळ्यातल्या सरींकडे पाहिलं. "मीच मारत होतो हिला?"

नुसती मान हलवली असती तरी मी सुटलो असतो. आयुष्यभर तो स्वतःला खात राहिला असता आणि मी सुखानं डबा खात राहिलो असतो.

"नाही. तू माळ सोडू दिली नाहीस, ती खांद्यावर मी सारली. चूक माझी आहे, हाल्या. एकट्याची."

हाल्यानं माझ्याकडे पाहिलं. शिवी देईल, मारील, काहीही चाललं असतं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हमसून हमसून रडायला लागला. गंगीनं पेज ठेवली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. माळेपायीच झालं म्हनत रातभर नुसता माझे पाय धरून बसलेला."